पाय ओढ! : एका काताचं सव्वाशे वर्षांचं प्रकरण

आमच्या सरांचा एक ओरडा अजून कानात आहे, "पाय ओढ!" डोंबिवलीत एका हॉलमध्ये मंगळवार-गुरुवार कराटेचा क्लास असायचा, चाळीसेक पोरं, रांगा उंचीनुसार, आणि पहिला काता (म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींचा संच) म्हणजे हेआन शोदान. ज्यांनी केलाय त्यांना माहितीये, बाकीच्यांसाठी सांगतो. डावीकडे वळून खालचा ब्लॉक, एक पाऊल टाकून पंच, मग गर्रकन मागे वळून उजव्या हाताने तसाच खालचा ब्लॉक, आणि इथे एक विचित्र गोष्ट येते. तो ब्लॉक केलेला उजवा हात परत स्वतःकडे खेचायचा, त्याच वेळी पुढचा पाय अर्धा मागे घ्यायचा आणि हात वरून गोल फिरवून मुठीची खालची बाजू हातोड्यासारखी आपटायची. याला तेत्सुई म्हणतात. हात सगळ्यांना जमायचा, पाय सगळे विसरायचे, आणि सर ओरडायचे. पाय का ओढायचा म्हणून एकदा विचारलं तर उत्तर आलं, "आधी शंभर वेळा कर, मग सांगतो." शंभर झाले, पाचशे झाले, ब्राउन बेल्ट पण आला, सांगायचं राहूनच गेलं. सरांना त्यांच्या सरांनी तरी सांगितलं होतं का कुणास ठाऊक. आता मी स्वतः शनिवार-रविवार पोरांना शिकवतो आणि मध्यंतरी लक्षात आलं की मी पण तसाच ओरडतोय, अगदी त्याच सुरात.

दुसरा धक्का एका ओपन टूर्नामेंटला बसला. आम्ही कराटेच्या शोतोकान शाखेचे. आमच्या नंतर दुसऱ्या शाखेची, शितो-र्‍यूवाली एक मुलगी मॅटवर आली, मोठ्याने "पिनान निदान" म्हणाली आणि आमचाच हेआन शोदान सुरू केला! म्हणजे वळणं तीच, पावलांचा नकाशा तोच, पण पहिल्याच हालचालीला जिथे आम्ही लांब पाय टाकून खाली ब्लॉक करतो तिथे ती मांजरासारखी मागच्या पायावर बसून छातीच्या उंचीला हातोडामूठ मारत होती. आणि 'शोदान' म्हणजे पहिला, 'निदान' म्हणजे दुसरा, मग आमचा पहिला यांचा दुसरा कसा? घरी येऊन शोधायला बसलो ते दोन-तीन वर्षं शोधतच राहिलो. त्यातून जे हाती लागलं ते एक प्रकरण म्हणून लिहून काढतोय.

कराटेत नेहमी ऐकायला मिळतं की काता म्हणजे पूर्वजांनी लिहिलेलं पुस्तक, फक्त कागदाऐवजी अंगावर लिहिलेलं. ऐकायला भारी वाटतं पण मला ते पटत नाही. आजी बाजारातून काही आणायचं असलं की पदराला गाठ मारायची, ती गाठ म्हणजे यादी नव्हे. ज्याने मारली त्याला ती बघून आठवतं. काता ही तशी गाठ आहे. आणि या प्रकरणात झालं असं की गाठ घट्ट होती, ओकिनावातून टोकियोत आणि तिथून डोंबिवलीत सुखरूप आली, पण कशासाठी मारली होती ते तोंडाने सांगणारी माणसं वाटेत गळत गेली.

प्रकरणातला मुख्य माणूस म्हणजे इतोसू आन्को, जन्म १८३१, राहणार शुरी. शुरी ही र्‍युक्यू राज्याची राजधानी, म्हणजे आजचं ओकिनावा, जपानच्या दक्षिणेला बेटांची माळ आहे तिथलं. इतोसू राजदरबारात कारकुनी करणारे. १८७९ साली जपानने ते राज्यच खालसा करून टाकलं आणि ओकिनावा हा जपानचा एक जिल्हा झाला. दरबारावर जगणारा सगळा वर्ग एका फटक्यात बेकार. आपल्याकडे १८१८ नंतर पुण्यातल्या शिलेदार-बारगीरांचं काय झालं असेल ते आठवा, तसलाच प्रकार. विद्या अंगात आहे पण ती ज्या व्यवस्थेसाठी होती ती व्यवस्थाच नाही.

त्याआधी शिकणं कसं चालायचं ते बघा. एक शिक्षक, दोन-चार शिष्य, रात्रीची वेळ, घराचं अंगण. आमची शोतोकान शाखा ज्यांच्यापासून निघाली त्या फुनाकोशी गिचिन यांनी लिहून ठेवलंय की ते रात्री कंदिलाच्या उजेडात आझातो नावाच्या शिक्षकांकडे जायचे आणि एकच काता महिनोन्महिने करायचे, गुरुजी पसंत म्हणेपर्यंत पुढचा नाही. 'हितो काता सान्नेन' अशी म्हणच होती, एक काता तीन वर्षं. नाइहांची नावाच्या तीन काता आहेत, फुनाकोशींना त्याच तिघांना दहा वर्षं लागली. आता दहा वर्षं कुणी नुसत्या पावलांचा क्रम पाठ करत नाही हो, क्रम आठवड्यात पाठ होतो. उरलेला वेळ कशात जातो? शिक्षक येऊन हात धरतो, ढकलतो, खांदा दाबतो, म्हणतो आता असं आलं तर काय करशील, ही हालचाल इथे लाव, तिथे लाव. गाठ कशासाठी आहे ते सांगणं म्हणजे हे.

मग १९०१ साली सत्तरीच्या इतोसूंनी एक काम केलं जे त्याआधी तिथे कुणी केलं नव्हतं. कराटे शुरीच्या प्राथमिक शाळेत नेलं, आणि १९०५ पासून ते तिथल्या सरकारी मिडल स्कूलमध्ये शिकवू लागले. म्हणजे जी गोष्ट अंगणात चार जणांना मिळायची ती वर्गातल्या सगळ्या पोरांना. मागचं कारण समजून घ्या, नाहीतर म्हातारबुवांना उगाच दोष दिला जातो. राज्य गेलेलं, ओकिनावाच्या पोरांना १८९८ पासून जपानी सैन्यभरती लागू झालेली, शाळेत जपानी पद्धतीची कवायत आलेली, आणि स्वतःच्या बेटाचं जे काही होतं ते मागास म्हणून टाकून द्यायची लाट. अशा वेळी एखादी विद्या टिकवायची तर तिला सरकारी वेळापत्रकात एक तास मिळवून देणं हा एकच दरवाजा उघडा होता, आणि इतोसू त्यातून आत शिरले.

पण दरवाजा अरुंद होता. वर्गभर मुलं, तेवढाच तास, जोडीत हाणामारी करू द्यायची तर कुणाचा तरी हात मोडणार आणि पालक शाळेत येणार (हे त्या काळात पण होत असेल, पालक ते पालकच). मोठ्या काता लांबलचक, कुशांकू नावाचा जो काता त्यांच्याकडे होता त्याच्या आजच्या शोतोकान रूपात ६५ हालचाली आहेत, दहा वर्षांच्या पोराला कशाला पेलवतोय. म्हणून त्यांनी पाच छोट्या काता बसवल्या, बराच माल कुशांकूतून घेतलेला, आणि नाव दिलं पिनान. अक्षरांचा अर्थ शांतता, सुखरूपपणा. या काताचं आधीचं रूप 'चानान' नावाने होतं अशी एक आठवण ओकिनावाचेच कराटेवाले मोतोबू चोकी यांच्या नावाने सांगतात. ते इतोसूंकडे गेले तेव्हा मुलं काहीतरी ओळखीचं पण बदललेलं करत होती, विचारलं तर इतोसू म्हणाले, रूप थोडं बदललंय आणि तरुण पोरांना पिनान हे नाव आवडतं म्हणून तेच ठेवलं. खरी असेल तर मला ही गोष्ट फार आवडते, कारण परंपरा परंपरा म्हणून आपण जिच्या पाया पडतो ती त्या दिवशी पोरांना काय आवडतं त्यावर ठरत होती.

शिकवायची पद्धत पण बदलली. याबू केन्त्सू हे इतोसूंचे शिष्य, सैन्यात राहून आलेले, लोक त्यांना 'सार्जंट याबू' म्हणायचे. त्यांनी शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात कराटे शिकवलं ते पलटणीसारखं, सगळे रांगेत, एका आकड्याला एक हालचाल. इची, नी, सान. आज डोंबिवलीत मी जे ओरडतो ते आकडे कुठून आले हे कळलं तेव्हा जरा गंमत वाटली, आपण समजत होतो हा झेन-बिनचा प्रकार असेल, निघाली कवायत.

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा. ऑक्टोबर १९०८ मध्ये इतोसूंनी दहा मुद्द्यांचं एक पत्र लिहिलं, कराटे शाळांमध्ये पसरवावं म्हणून. अर्ज असावा तसाच आहे. सरकारला जे ऐकायला आवडेल ते त्यात आहे, की पोरं धडधाकट होतील, पुढे सैन्याला उपयोगी पडतील, एवढंच काय वॉटर्लूची लढाई शाळेच्या मैदानांवर जिंकली असं वेलिंग्टन म्हणाला होता हे पण टाकलंय. शुरीचा म्हातारा कारकून जपान सरकारला इंग्रज ड्यूकचा दाखला देतोय, म्हणजे माणूस बिलकुल भोळा नव्हता. पण त्याच पत्रात, सरावाच्या सूचना देताना, एक मुद्दा असा येतो की प्रत्येक हालचालीचा अर्थ काय, ती कुठल्या प्रसंगाला लागते हे ठरवून सराव करा, आणि आत शिरणं, झेलणं, सोडवून घेणं, पकडणं यांच्याही रीती आहेत आणि त्यात पुष्कळसं तोंडी सांगण्यातलं आहे. जपानीत 'कुदेन' असा शब्द आहे, मुखपरंपरा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. ज्या माणसाने गाठ बांधून शाळेत पाठवली तोच लिहून ठेवतोय की हिच्यासोबत एक निरोप आहे आणि तो तोंडी आहे. आणि शाळेच्या तासाला तोंडी निरोप देणं शक्य नव्हतं हेही त्याला दिसत असणार. कराटेतले बरेच लोक म्हणतात इतोसूंनी पोरांसाठी कराटेची धार काढून टाकली, मिळमिळीत केलं. मला ते अर्धवट वाटतं. त्यांनी धार काढली नाही, म्यानासकट दिली आणि तलवार कशी काढायची ते घरी येणाऱ्यांना शिकवत राहिले. चिबाना चोशिन, माबुनी केन्वा, हानाशिरो चोमो ही मोठी झालेली शिष्यमंडळी होतीच. गडबड पुढे झाली, जेव्हा शाळेतली पद्धतच पुढच्यांना पूर्ण कराटे वाटायला लागली.

ते 'पुढे' म्हणजे १९२२. इतोसू १९१५ मध्ये गेले. फुनाकोशी पेशाने शाळामास्तर, १९२२ च्या मे महिन्यात टोकियोत शिक्षण खात्याच्या क्रीडा प्रदर्शनात कराटे दाखवायला गेले आणि तिथेच राहिले. ज्युदोवाल्या कानो जिगोरोंनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्युदोशाळेत बोलावलं, पांढरा ड्रेस आणि बेल्टची पद्धत ज्युदोकडूनच कराटेत आली. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात क्लब सुरू झाला, मग इतर विद्यापीठांत. विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणजे चार वर्षांचा पाहुणा, आला की निघाला, आणि वरच्या वर्षाचा पोरगा खालच्याला शिकवतो. तीन वर्षांत एक काता या हिशोबाने त्याला सव्वा काता मिळायला हवा. मिळाल्या पंधरा. जुन्या पद्धतीतलं अंगण इथे पूर्ण संपलं.

टोकियोत बाकीचे बदल पण भराभर झाले. ओकिनावाचे नि चिनी वाटणारे उच्चार टोकियोत खपणारे नव्हते, चीनशी संबंध बिघडत चाललेले. पिनानची अक्षरं तीच ठेवून जपानी उच्चार केला, हेआन. आणि पाचांपैकी दुसरा काता पहिल्यापेक्षा सोपा म्हणून त्यांचा नंबर बदलला, पिनान निदान झाला हेआन शोदान. झालं, टूर्नामेंटमधल्या त्या मुलीचं कोडं एवढंसं होतं! शितो-र्‍यू आणि वादो-र्‍यूने जुनी नावं ठेवली, आपण शोतोकानवाल्यांनी नवीन. नाइहांचीचं तेक्की झालं. कुशांकूचं तर गमतीशीर आहे, ते मुळात एका चिनी माणसाचं नाव, १७६२ च्या एका जपानी टिपणात र्‍युक्यूत येऊन कुस्तीसारखी काही विद्या दाखवणाऱ्या अशा नावाच्या माणसाची नोंद आहे, त्याचं झालं कांकू, म्हणजे 'आकाशाकडे बघणं', कारण काताच्या सुरुवातीला हात वर करून त्यातून बघायचं असतं. माणूस पुसला गेला आणि हालचाल राहिली. १९३६ मध्ये नाहा शहरात जाणत्या लोकांची बैठक बसली आणि खुद्द 'कराटे' शब्दातलं 'चिनी हात' दाखवणारं अक्षर जाऊन 'रिकामा हात' दाखवणारं अक्षर पक्कं झालं. उच्चार तोच, अक्षर वेगळं.

हालचालींचं पण तसंच. ओकिनावातल्या शोरिन-र्‍यूमध्ये पिनान शोदानमध्ये जिथे सरळ पुढची किक आहे तिथे आमच्या हेआन निदानमध्ये बाजूची किक आहे. हा बदल आणि ते लांब, खोल बसलेले पवित्रे फुनाकोशींचा मुलगा गिगो याच्या काळातले मानले जातात. बाजूची किक दिसायला देखणी आहे यात वाद नाही. पण तिथे दुसऱ्या माणसाला उभं करून बघा, अंतर जुळतच नाही. किक बदलली तेव्हा ती कुणावर मारायची हा प्रश्न खोलीत नव्हताच.

इथे मला आपल्या एकनाथांची आठवण येते. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या मिळतील त्या पोथ्या जमवून, ताडून, शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत नकलाकारांनी कुठे कुठे हात मारलाय हे एकच पोथी बघून कळत नाही, दोन-चार शेजारी ठेवल्या की पाठभेद दिसतात. काताचं तेच करता येतं. मी शोतोकान, शितो-र्‍यू, वादो-र्‍यू असे तीन व्हिडिओ शेजारी लावून एकच काता बघितला (बायको म्हणाली याला झालंय काय). शेवटच्या चार हालचाली आमच्यात उघड्या हाताचा छातीसमोरचा ब्लॉक आहे, वादोमध्ये घोड्यावर बसल्यासारखं बसून हात खाली मारतात. सुरुवातीचा ब्लॉक आमच्यात खाली, शितोमध्ये मधल्या उंचीला हातोडामूठ. उंची बदलली, पवित्रा बदलला, हात उघडा का बंद तेसुद्धा बदललं. मग काय बदललं नाही? पावलांचा नकाशा, वळायच्या जागा. आणि माझी ती 'पाय ओढ'वाली जागा.

त्या जागेत एक खोच आहे जी मला वीस वर्षांत दिसली नव्हती. हेआन शोदान हा दोन्हीकडे सारखा काता आहे, डावीकडे जे ते उजवीकडे. फक्त ही एक हालचाल डावीकडे नाही. डावीकडे ब्लॉक-पंच, उजवीकडे ब्लॉक-हात खेचणं-पाय ओढणं-हातोडा-पंच. कुणाही नीटनेटक्या माणसाला शाळेसाठी सोपं करताना पहिली इच्छा काय होईल? हे समान करून टाकू. शंभरेक वर्षांत शाळामास्तर, सार्जंट, विद्यापीठाची पोरं, संघटनांच्या कमिट्या, सगळ्यांच्या हातून हा काता गेला, किक बदलली, नाव बदललं, नंबर बदलला, पण हे लंगडेपण कुणी सरळ केलं नाही. कारण कुणाला त्याचा अर्थ माहीत नव्हता म्हणून हात लावायची हिंमत झाली नाही, किंवा लक्षातच आलं नाही. अर्थ न कळता केलेल्या पाठांतराला आपण पोपटपंची म्हणून हिणवतो, पण इथे पोपटानेच वाचवलं. ज्या ठिकाणी लोकांना अर्थ कळला असं वाटलं, म्हणजे किक, पवित्रे, तिथेच बदल झाले.

वेदपाठ करणाऱ्यांनी यावर उपाय काढलेला होता, पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ, तीच पदं उलटसुलट क्रमाने म्हणायची म्हणजे एक अक्षर चुकलं तरी लगेच पकडलं जातं. पण त्यात सुद्धा जपला जातो तो उच्चार. अर्थासाठी वेगळी शाखा, वेगळी माणसं. केरळच्या कळरीपयट्टूमध्ये आणखी एक रीत आहे, वायतारी. गुरुक्कल तोंडाने आज्ञा म्हणत जातात आणि शिष्य त्याप्रमाणे अंग फिरवतो, प्रत्येक पायरीला तिची आज्ञा. म्हणजे शरीराच्या गाठीसोबत शब्दाची पण एक गाठ. कराटेच्या काताला हे नाही, तिथे फक्त आकडे. इची म्हटल्यावर काय कळणार, इची म्हणजे एक. वायतारीमध्ये निदान पाय उचल, वळ, वाक असं काहीतरी तरी येतं.

आणि आपल्याच घरातलं उदाहरण घ्यायचं तर मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातले बाळंभटदादा देवधर यांच्या नावाशी तो जोडलाय, आणि मुळात ते पैलवानाचं सरावाचं साधन, खांब म्हणजे न थकणारा जोडीदार, त्याच्यावर पकडी आणि पेच घोटायचे. आज जी पोरं स्पर्धेत अफाट मल्लखांब करतात त्यातली बरीचशी कधी लाल मातीत उतरलेली नसतात. त्यात वाईट काही नाही, ती वेगळीच सुंदर गोष्ट झालीये. पण एखादी पकड मांडीने का आवळायची हे मातीत उतरलेल्याला जसं कळतं तसं खांबावरच्याला नाही कळत.

प्रकरणाचा सगळ्यात काळा भाग १९४५. एप्रिल ते जून ओकिनावाची लढाई, बेटावरची चौथाईच्या आसपास साधी माणसं मेली, शुरीच्या किल्ल्याखाली जपानी सैन्याचं मुख्यालय होतं म्हणून शुरी अक्षरशः सपाट झालं. इतोसूंचे शिष्य तोकुदा आन्बुन लढाईत गेले, हानाशिरो चोमो त्याच वर्षी गेले, क्यान चोतोकू लढाईतून वाचले आणि सप्टेंबरमध्ये छावणीत उपासमारीने गेले. गोजू-र्‍यूच्या मियागी चोजुन यांनी ज्याला वारस म्हणून घडवलं होतं तो शिंझातो जिनान लढाईत मेला. ज्यांच्या तोंडात निरोप होता ती माणसं एका उन्हाळ्यात संपली. इतोसूंनी शाळेत नेऊन गाठ वाटली नसती तर त्या उन्हाळ्यानंतर कितीशी उरली असती? हा विचार आला की त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी भांडावंसं वाटतं. चिबाना वाचले, शुरीला परत येऊन १९६९ मध्ये जाईपर्यंत शिकवत राहिले, ती शाखा म्हणून आहे.

माबुनींचं वेगळं. ते १९२९ मध्येच ओसाकाला गेलेले. इतोसू आणि हिगाओन्ना अशा दोन गुरूंच्या नावांतलं पहिलं अक्षर घेऊन त्यांनी शितो हे नाव केलं, आणि जमतील तेवढ्या काता जमवल्या, म्हणून आज शितो-र्‍यूची यादी सगळ्यात लांब. इतोसू गेल्यावर वर्षभर त्यांच्या थडग्यासमोर जाऊन रोज काता करायचे असं सांगतात. १९३८ च्या पुस्तकात त्यांनी चक्क तक्रार केलीये की काता आठ दिशांना जातो म्हणून आठ शत्रूंशी लढायचा आहे असलं काहीतरी लोक समजतात, दिशांचा अर्थच कुणाला नीट कळत नाही. १९३८ मध्ये! मला १९९९ मध्ये हेच सांगितलं होतं, चार बाजूंनी चार गुंड येतात. एक मारून होईपर्यंत बाकीचे तिघे रांगेत उभे असतात बहुतेक, रेशनच्या.

असंच अजून एक. पंच मारताना दुसरा हात कमरेवर का खेचतो? आमच्या क्लासमध्ये उत्तर होतं 'पॉवर येते', न्यूटनचा तिसरा नियम वगैरे. फुनाकोशींच्या जुन्या लिखाणात सरळ आहे की समोरच्याचा पकडलेला हात पिळून खेचायचा. म्हणजे रिकामी मूठ कमरेवर येते ती रिकामी नाहीच, तिच्यात कुणाचं तरी मनगट असायला हवं. जोडीदार गेला आणि मूठ राहिली.

आता उलटी लाट आहे. यूट्यूबवर 'बुंकाई' टाका, म्हणजे काताचा उलगडा, हजारो व्हिडिओ. काही खरंच अभ्यासाचे आहेत, बरेच असे की एकाच ब्लॉकमधून गळा दाबणं, हाड मोडणं, नस दाबणं, सगळं निघतं. हरवलेला निरोप आणि नव्याने लिहिलेला निरोप यात फरक आहे हे मान्य करायला हवं. मी जे सांगतोय त्यालाही हे लागू आहे. टोकियो ऑलिम्पिकला, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, ओकिनावाच्याच कियुना र्‍योने कातामध्ये गोल्ड घेतलं, मी उठून टाळ्या वाजवल्या, पण परीक्षक बघतात तो आकार, वेग, तोल. टीम कातामध्ये मेडलच्या फेरीला बुंकाई दाखवावी लागते आणि ती हल्ली इतकी उड्या मारत चालते की सिनेमा परवडला.

तर मागच्या महिन्यात मी एक केलं. सात-आठ पोरं होती, काता करून झाल्यावर जोड्या लावल्या. म्हटलं खालचा ब्लॉक झालाय, हात पुढे आहे, जोडीदाराने ते मनगट दोन्ही हातांनी गच्च धरायचं. आता चौथी हालचाल करा. बघू काय होतंय.

कुणाचाच सुटला नाही. सगळे हाताने खेचत होते, दात-ओठ खाऊन, मोठ्या पोरांचं ठीक पण लहानांचं काही चालेना. एक साडेआठ-नऊ वर्षांची पोरगी, समोर तिच्यापेक्षा दीडपट मुलगा, तिने दोनदा ओढलं, मग वैतागून अख्खी मागे सरकली, पुढचा पाय अर्धा मागे आला, सगळं वजन मागे गेलं आणि हात सटकन सुटून वर गेला. वर गेलेला हात आपोआप त्या मुलाच्या हातावर खाली आला, तो "आई गं" म्हणाला. दोन सेकंद सगळे गप्प. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, पाय ओढला की होतंय."

मी काही बोललो नाही, परत करायला लावलं. मग सगळ्यांनी केलं, आणि मग पोरांनीच काढलं की एका हाताने धरलं तर वेगळं, आतून धरलं तर सुटतच नाही, घामेजलेला हात असेल तर चीटिंग. अर्धा तास गेला, सिलॅबस तिथेच राहिला, खाली उभ्या पालकांना वाट बघावी लागली. मूळ उपयोग हाच होता का, हे कुदेन ज्यांच्याकडे होतं ते सांगू शकले असते. पण इतोसूंच्या पत्रात 'सोडवून घेणं' असा शब्द आहे एवढं मी घरी जाऊन परत एकदा बघितलं.

पुढच्या शनिवारी काता घेतला तेव्हा चौथ्या हालचालीला मी सवयीने तोंड उघडलं, पण ओरडायची गरज पडली नाही, ओळीतले सगळे पाय मागे आले होते. एक सोडून. तो पोरगा जोड्या लावल्या त्या दिवशी आला नव्हता. त्याला शेजारची पोरगी हळूच काहीतरी सांगत होती, मी आकडा मोजायचा जरा थांबलो.